पोलंडची तिसरी फाळणी

गंगाखेडच्या अलीकडे, एक्केचाळीस नंबरच्या फाटकावर
माझी रात्रपाळी असते, आणि युरोप.

दोन गाड्यांमध्ये सत्तर मिनिटं सापडली
तर तीस वर्षांचं युद्ध निम्मं होतं.
मग फोन वाजतो. उठायचं, हँडल फिरवायचं,
हिरवा कंदील धरून उभं राहायचं,
आणि परत येऊन शोधायचं, कोण कुणाच्या बाजूनं होतं.

शिकवायला कुणी नाही.
ही नावं मी कुणाच्याच तोंडून ऐकलेली नाहीत.
रिशल्यू की रिचेलियू?
चुकलेल्या म्हशीला हाका माराव्यात तसं
दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहतो.

प्रागमध्ये माणसं खिडकीतून फेकली
ती म्हणे उकिरड्यावर पडून वाचली.
हे एकदाच वाचलं. उकिरडा पाठ करावा लागत नाही.

काल उसाचा ट्रक अडकला.
मैनोद्दीन उतरून खिडकीशी आला,
“काय वाचायलाव?”
म्हटलं, पोलंड. तिघांनी वाटून खाल्लं,
नकाशातून गेलं.
“आन् तिथली माणसं?”

पान उलटून पाहिलं. सन होते, राजे होते, नद्या होत्या.
त्यानं बिडी चपलेखाली विझवली.
“आमचा आजा निजामात निजला,
उठला तर हिंदुस्तानात. खाट तीच.”

गाडी गेली. फाटक उघडलं.

मे महिन्यात नांदेडला पेपर.
समासात पेन्सिलीनं लिहिलंय, तिथली माणसं?
विचारणार नाहीत, माहीत आहे.
पण साडेतीनची मालगाडी
आज पंचवीस मिनिटं लेट आहे.