छाट

कारखान्यात अम्मा हजार बिड्या मोजून द्यायची
आणि तपासनीस त्यातल्या शंभर-सव्वाशे बाजूला सारायचा.
हिचं तोंड उघडं, हिचं पोट ढिलं,
हिचं पान करपलेलं.
त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत.
कमी पडलेली पानं मात्र आपल्या पदरची.

सुपातल्या तंबाखूच्या खकाण्यात शिंकत शिंकत
मी विज्ञानाच्या आधी हे शिकले
की मोजणं आणि टाकून देणं
ही दोन निराळी कामं आहेत
आणि दुसऱ्याला खुर्ची असते.

नायना पुठ्ठ्याला भोकं पाडायचे. जेकार्डची कार्डं.
भोक असेल तिथे सुई जाते, धागा उचलला जातो,
चादरीवर मोर उतरतो.
एकदा एक भोक राहिलं, साखर पेठेतल्या वीज गेलेल्या रात्री,
आणि त्या खेपेच्या सगळ्या चादरींवर
मोर आंधळा आला.

पुढे संस्थेत संगणकाची कार्डं पहिल्यांदा हातात पडली
तेव्हा मी ती उजेडासमोर धरली, नायना धरायचे तशी.
शेजारचा चेरियन हसला. "काय दिसतंय?"
"मोर," मी म्हटलं. त्याला वाटलं, मराठी विनोद असेल.
आमच्या घरात तेलुगू बोलतात, हे त्याला कधी सांगितलंच नाही.

प्रयोग सोन्याच्या खाणीत होता, दोन किलोमीटर खाली,
लोखंडाचे थर आणि मधे नळ्या,
आणि प्रश्न एवढाच:
प्रोटॉन कधी आपणहून तुटतो का?

बाईला खाली उतरायची कायद्याने मनाई.
मी वर, पत्र्याच्या खोलीत,
खालून आलेल्या नोंदी वाचत बसायची.
हा म्यूऑन, वरून घुसलेला. छाट.
हा न्यूट्रिनो, पाहुणा. छाट.
ही खडकाचीच कुरबुर. छाट.
चौदा वर्षं.

एक आली होती.
दोन रेघा, एका बिंदूतून पाठ फिरवून निघालेल्या,
हव्या तशा, हव्या तेवढ्या.
अकरा दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.
मग दिसलं, की बिंदू भिंतीला फार लागून आहे,
बाहेरून काही आत आलंच नसेल
असं छातीठोक सांगता येत नाही.
मीच काट मारली. शाईने.
अम्माच्या तपासनिसाला मी तोवर माफ केलं नव्हतं,
त्या दिवशीही केलं नाही.
फक्त खुर्ची किती टोचते ते कळलं.

त्या उन्हाळ्यात घरी आले. मिलचा भोंगा बंद होऊन
बरीच वर्षं झाली होती,
पण भिंतीपलीकडे पॉवरलूमची खटखट चालू होती.
गच्चीवर पाणी मारून आम्ही बसलो.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही.
"मग? काय सापडलं?"
"काही नाही, नायना. तुटताना दिसलाच नाही."
ते जरा वेळ मागांकडे कान देऊन राहिले.
मग तेलुगूत विचारलं, "तेगलेदा?" नाही तुटला?
"नाही."
"एकदाही?"
"एकदाही नाही."
"मग शिफ्ट चांगली गेली की," म्हणाले,
आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी मोडली.

त्या निष्कर्षावर माझं नाव सतरावं आहे.
प्रोटॉनचं आयुष्य निदान इतकं: एकावर एकतीस शून्यं,
त्याहून जास्त असेल, कमी नाही.
गल्लीतल्या यल्लव्वा अजून विचारतात,
"तू ते बॉम्बचं करत होतीस ना?"
मी नाही म्हणते. त्या मान हलवतात. गुपित असणार.

आंधळ्या मोरांतली एक चादर परत घरी आली होती.
ती अजून आहे.
मे महिन्यात भिजवून खिडकीला लावते,
दुपारभर तिच्यातून थोडा गारवा येतो,
आणि मिनिटाला हजारोंनी म्यूऑन,
चादरीतून, माझ्यातून, खालच्या फरशीतून.
अम्माने विचारलं असतं,
त्यातले पास किती झाले?