मूळ प्रत

बाबांच्या वहीत तारीख आहे, ११ मे १९९४.
"आगरी धवले, भाग २. नौपाडा, ठाणे. रु. २८."
अक्षर टोकदार. रबाळ्याच्या कारखान्यात
स्टोअरची खाती लिहून लिहून तसं झालेलं.

कॅसेट आली की पहिल्या रविवारी
डबल-डेकवर तिची एक नक्कल निघायची.
मूळ प्रत कपाटात, नक्कल ऐकायला.
"विकत घेतलीय, आपल्यापुरती एक काढायला हरकत नाही.
दुसरी काढली, की ती चोरी."
कायद्यात असं लिहिलंय का, मी कधी विचारलं नाही.
ऐरोलीच्या आमच्या दोन खोल्यांत
कायदा म्हणजे बाबाच.

शेजारचे कर्णिककाका एकदा कोरी कॅसेट घेऊन आले.
चहा मिळाला, बिस्किटं मिळाली,
कॅसेट कोरीच परत गेली.
मावशी तर वर्षभर बोलली नाही.
चार गाण्यांपायी माणसं तोडली या माणसानं, म्हणायची.

मग एका संध्याकाळी चांगूबाई मढवी आल्या,
गोठिवलीहून चालत,
पिशवीत सुक्या करंदीची पुडी
आणि बोलायला बरोबर नातू.
कुणीतरी सांगितलं, तुमच्याकडं आहे म्हणून.

बाबांनी कव्हर काढलं.
वर फोटो भलत्याच कुणा तरण्या बाईचा, नथ घातलेला.
आत मुंगीएवढ्या अक्षरात: स्वर – चांगूबाई आणि मंडळी.
त्याच्या खाली, जरा ठळक: सर्व हक्क कंपनीच्या स्वाधीन.
नक्कल करणे दंडनीय गुन्हा आहे.

नातू अडखळला तशा त्याच बोलू लागल्या.
"टेंपोत घालून नेला व्हता. दिसभर गायलू.
पाचशे रुपये नं एक लुगरा दिला,
कागदाव आंगठा घेतला.
कॅशेट धारतू बोल्ले, ती काय आली नाय.
धवला माजे आयशीचा, तिला तिचे आयशीचा.
आता नातीचा लगीन हाय
नं माजा गलाच बसलाय."

खरंच, आवाज असा होता
की रॉकेलच्या स्टोव्हची पिन अडकावी.

बाबा कव्हरच वाचत राहिले.
एवढं काय होतं त्यावर वाचण्यासारखं?
मला वाटलं, आता चहा, बिस्किटं, आणि झालं.
आईनं तर आधण ठेवलंही होतं.

ते उठले, कपाट उघडलं,
आणि मूळ प्रत त्यांच्या हातात दिली.
नातू म्हणाला, लगीन झालं की आणून देतो.
"आणू नका," बाबा म्हणाले.
चांगूबाईंनी कॅसेट कानाला लावून पाहिली,
मग स्वतःशीच हसल्या.
पैसे घेतले नाहीत बाबांनी. करंदी घेतली,
जी आमच्याकडे कुणी खात नव्हतं.

रात्री वहीत एक ओळ वाढली:
"मूळ प्रत मूळ मालकिणीस परत.
घरात उरली ती नुसती नक्कल. ऐकू नये."

आणि ऐकली नाही. पुसलीही नाही.
सत्तावीस वर्षं ती कॅसेट
बाकीच्यांच्या मागे, पाठ करून उभी.

आता मी दरमहा पैसे भरते
आणि माझ्याकडे एकही गाणं नाही.
परवाच एक, रोज लावायचे ते,
यादीत करडं पडलं. हक्क संपले म्हणे.
कुणाचे, ते लिहिलं नव्हतं.
बाबांची वही असती तर निदान
दुकानाचं नाव तरी असतं.

जांभळी नाक्याजवळ एका गाळ्यात
जुन्या फिती फोनात घालून देतात.
पोरानं विचारलं, "ओरिजिनल आहे का?"
नाही म्हटलं.
"मग ही कुणाची?"
मागे रांग होती. मी म्हटलं, वडिलांची.
म्हणताना जीभ जरा चावली.

फायलीला नाव द्यायची वेळ आली
तेव्हा लिहिलं: चांगूबाईंची. आमच्याकडे राहिलेली.
आणि एकदाच लावली, खाडीच्या बाजूची खिडकी लोटून.
एकदाच, बाबा.

दोनदा.