चोरखिसा

काळमेघ बाई दुपारी आल्या, पंपावर ट्रॅक्टर नसतात तेव्हा.
आतून कडी घातली
आणि पिशवीतून गेल्या सालच्या कॅलेंडरची तीन पानं काढली.
कोऱ्या बाजूला पेनानं गिरवलेले तीन आकार.
मला आधी वाटलं, नातवाची पावलं.

"अमरावतीच्या दुकानदारानं तिन्ही काचेवर मांडले.
म्हने, बाई, हाताले कोनतं बसते ते पाहा.
म्या म्हटलं, हाताचं मंग पाहू,
आधी लुगड्यात कोनतं बसते
ते माह्या शिलाईवालीले पुसून येतो."

परवान्याचा कागद तीन वर्षं फिरला होता,
ठाण्यातून वर, वरून पुन्हा ठाण्यात.
पण लुगड्याला खिसा नाही हे कोणत्याच साहेबानं लिहिलं नव्हतं.
आमच्याकडे कनवटी.
तिच्यात सुपारी राहते, किल्ली,
फार तर घडी घातलेली चिठ्ठी.

बुटाच्या खोक्यातून मी तिन्ही आकार कापले.
वजनासाठी तुरीची डाळ,
शेजारच्या दुकानातून काटा आणून मोजलेली,
पुरचुंड्या बांधून पुठ्ठ्याला चिकटवलेल्या.

मोठं लावलं तर परकराची नाडीच ढळली.
"हे त चोराच्या आंधी मलेच नागवं करन!"
आम्ही दोघी हसलो, मशीनवर डोकं टेकवून.

लहान, पंचवीसचं, कोण्या रिटायर साहेबानं विकायला ठेवलेलं,
आत गेलं आणि गेलंच.
बाई चाचपत राहिल्या.
दुकानदार म्हणाला होता, बोर लहान आहे,
पण जवळून पुरते.

"जवळून म्हणजे किती?"
बाईंनी हात लांब केला.
माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर तो थांबला.
"त्याच्या तोंडातल्या खर्ऱ्याचा वास येते, इतकं."

त्यांना तो वास ठाऊक होता.
पोळ्याच्या आदल्या दिवशी, नाल्याच्या पुलावर,
दोघं, तोंडाला दुपट्टे,
दोन दिवसांची रोकड,
आणि एकानं पँटीच्या आतून सरकन काढलेलं पातं.

"किती लांब होतं?"
का विचारलं, माहीत नाही.
बाईंनी टेबलावरची टेप ओढली,
अकरा इंचांवर अंगठा ठेवला.

मी टेप गुंडाळून ठेवली. हळूहळू, नेहमी गुंडाळते तशी.

त्या सालच्या उन्हाळ्यात एक पोरगं आलं होतं,
पहिलीपासून ज्याची शाळेची चड्डी मीच शिवली.
त्याला पँटीच्या आतून, मांडीला लागून, एक खिसा पाहिजे होता.
अरुंद. बारा इंच खोल.
"मोबाईल ठेवतो काय रे एवढ्यात?"
तो हसला. मीही.
कापड घट्ट होतं, दोनदा सुई मोडली.

"मधलं घेतो," बाई म्हणाल्या. "बत्तीसचं."
"ते टोचते ना. स्कूटीवर बसल्यावर तर जास्तच."
"टोचू दे. टोचलं म्हंजे हाय, हे ध्यानात राहीन.
लहान्याचं काय, हात घातला
अन् सापडलंच नाही त?"

मग मांजरपाटाचा तुकडा, दुहेरी शिलाई,
परकराच्या नेफ्याखाली, उजवीकडे, जरासा तिरपा.
चेनीचा आवाज होतो.
बटणाला दोन हात लागतात.
म्हणून नुसती दुमड ठेवली, वरून पदर.
त्या भिंतीपर्यंत चालल्या, वळल्या,
नोझल धरायला वाकतात तशा वाकल्या.
काही दिसलं नाही.
बाई दिसली, पन्नाशीची, पंपावरची.

डाळ मी डब्यात परत ओतली.
पुठ्ठे चुलीत.

बाईंनी शंभराची नोट दिली.
मी ऐंशी परत केले.
"एवढं कमी काऊन वं?"
"भाव तोच आहे," मी म्हटलं,
मशीनवरचा धागा तोडत,
"आतल्या खिशाचा."