परत येणारी

माराकाइबोत वीज जाते तेव्हा कुणी दचकत नाही.
जाणारी निमूट जाते.
पंखा दोन-चार फेऱ्या उधारीवर घेतो,
फ्रिज एक उचकी देतो,
आणि अख्खी गल्ली एकच शिवी हासडते,
तीही सवयीची, अर्ध्या मनाची.

भीती असते ती परत येणारीची.

मैगुआलिदा म्हणते, येताना तिला भान नसतं.
एकशेवीसच्या जागी दोनशे होऊन येते,
नाहीतर दारातच घुटमळते, आत-बाहेर, आत-बाहेर,
भांडून निघालेलं माणूस
विसरलेली पिशवी न्यायला यावं तशी.
ओलिवेरोसांचा टीव्ही तिने असाच नेला,
बेकरीतला कणीक मळायचा मिक्सर नेला,
आणि मैगुआलिदाचा जुना मॉनिटर.
परसात आता त्याच्यावर कोंबडी बसते.

उरला हा एक कॉम्प्युटर, शिलाई मशीनच्या टेबलावर.
चिलीतली कुठलीशी कंपनी व्हिडिओ पाठवते,
ही ऐकून ऐकून खाली अक्षरं टाइप करते.
मिनिटाला इतके सेंट.
यूपीएस आहे, पण बॅटरी पावासारखी फुगलेली,
कशीबशी चार मिनिटं धरते.
त्या चार मिनिटांत सेव्ह, बंद, आणि मग
हाताने प्लग ओढून जमिनीवर ठेवायचा,
चटका बसू नये म्हणून मूल चुलीपासून लांब ठेवतात तसा.

रात्री गच्चीवरून सरोवरापलीकडे पाहावं
तर कातातुंबोच्या मुखाशी आभाळ पेटलेलं,
आवाज नाही, नुसता लखलखाट, तासन्‌तास.
तिच्या भाषेत त्या दोघींना वेगवेगळी नावं आहेत.
माझ्या भाषेत एकच: वीज.
एक न बोलावता रोज येते, आणि फुकट.
दुसरीची वाट बघत
सगळी गल्ली पायरीवर वारा घालत बसलेली.

नेरिओ पूर्वी खांबांवर चढायचा, कंपनीचा माणूस.
आता त्याच्या पेन्शनमध्ये अंड्यांचा एक ट्रे येतो, म्हणतो,
तोही अंडी लहान असली तर.
त्याने जेवणाच्या प्लास्टिक डब्यात तिला एक जुगाड करून दिलं:
फ्यूज, पाच मिनिटं थांबून मगच जोडणारा रिले,
आणि मेलेल्या कुठल्या यंत्रातून काढलेली
शर्टाच्या बटणाएवढी निळी चकती.
"हिला एकदाच मरता येतं," तो म्हणाला.
"तेवढ्यासाठीच आहे ती."

मंगळवारी ती खुर्चीतच झोपली.
प्लग तसाच भिंतीत.
तीन वाजून दहा मिनिटांनी ती परत आली.

आधी बल्ब पांढरा झाला, नको तितका पांढरा,
मग डब्यातून फटाक् असा बारीक आवाज,
केस जळल्यासारखा वास,
आणि पुन्हा अंधार, फक्त तिच्या घरात.
बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

सकाळी नेरिओने स्क्रू काढले.
चकती दुभंगलेली, काळी, हाताला अजून काजळी लागत होती.
तो काही बोलला नाही.
खिशातून दुसरी काढली, ही लाल,
"कुणाच्या मायक्रोवेव्हमधली आहे, विचारू नकोस."
मजुरी म्हणून हिरव्या केळ्यांची एक फणी घेतली,
दोन केळी परत ठेवली.

ती वाट पाहत राहिली. पाच मिनिटं.
रिलेने टिक केलं.
बटण दाबलं तेव्हा तिचा हात थरथरत होता,
ती म्हणते, कॉफीमुळे.

पडद्यावर एक प्रश्न आला:
वाचवलेली फाइल उघडू का?
उघडली. कुणी एक मच्छीमार बोलता बोलता
"आणि मग आम्ही" इथवर येऊन थांबलेला.
मग काय केलं त्यांनी,
तिला आठवेना.
तिने व्हिडिओ थोडा मागे नेला, कानावर हेडफोन चढवले,
आणि पायाने चाचपून पाहिलं
प्लगची वायर कुठे आहे ते.