मधोमध

माझी उंची पाच फूट चार.
चाळीस वर्षं शिट्टी तोंडात धरून
दोन सेंटरांच्या मधोमध उभा राहिलो
आणि चेंडू वर फेकला.
मोठ्या माणसांविषयी मला जे ठाऊक आहे
ते सगळं खालून बघितलेलं :
हनुवट्या, नाकपुड्या, काखेत उसवलेला बनियन.

रामबागेत संध्याकाळी वाद निघतो.
मुंगीकाका म्हणतात, पागनीसच.
हुकुमचंद मिलचा यशवंत पागनीस,
रात्रपाळी संपवून थेट मुरमाच्या कोर्टवर यायचा,
भुवयांत कापसाचे तंतू.
तेव्हा बोर्ड सागवानी, रिंगला जाळी नाही,
बास्केट झाली की नाही यावरच अर्धा सामना भांडण.
पागनीस रिंगखाली उभा राहिला की
हलवायला, भिया, बैलजोडी लागायची.

मोघ्यांचा नातू मोबाइलमधून मान वर न काढता हसतो.
सहा फूट एक? काका, आता एवढे तर गार्ड असतात.
त्याचा सेंटर अद्वय ढोबळे, सहा फूट आठ,
लाकडी फ्लोअर, गुडघ्याला निळी पट्टी.
रिंगकडे पाठ करून झुंजायचं सोडून
बाहेर कमानीपाशी जातो, तिथून टाकतो,
खांद्याला खांदाही न लावता.
"हा सेंटर की पाहुणा?" मुंगीकाका विचारतात.

मधल्या काळातला पोलिस लाइनचा हरबन्स,
त्याचं नाव कुणी काढत नाही. मी काढतो.
दर सामन्यात चार फाउल, पाचवा कधीच नाही.
एवढा हिशेब सराफ्यातल्या मुनिमालाही जमत नाही.

मग सगळे माझ्याकडे वळतात.
मी म्हणतो, आधी रेघ सांगा.
कुठल्या रेघेतला सेंटर?
रिंगखालचा तो तीन सेकंदांचा तुकडा
तेव्हा परकरासारखा खाली घेरदार होता,
चुन्याचा डबा घेऊन मीच आखायचो.
दोन हजार दहा साली कागद आला : चौकोनी करा.
आणि उडी?
तेव्हा चेंडू अडला की उडी,
एका सामन्यात दहा-बारा वेळा वर बघावं लागे.
आता सुरुवातीला एकदाच,
नंतर टेबलावरचा बाण फिरवतात.
बाणाला हनुवटी नसते.

एवढं बोलून मी गप्प बसतो.
शालन रेशिमवालेचं नाव तिथे काढत नाही.

एकोणऐंशी साल, मुलींच्या शाळांची अंतिम फेरी.
वर बांधलेल्या दोन वेण्या, काळ्या रिबिनी, अनवाणी पाय.
नऊ उड्या. नऊही तिच्या.
समोरची मुलगी तिच्याहून चार बोटं उंच होती.
सगळ्या चेंडूकडे बघायच्या,
शालन माझ्याकडे.
मला वाटायचं, आदर.

परवा बर्तन बाजारात दिसली.
दुकानदार स्टूल शोधत होता तोवर
टाचा उचलून तिनं वरच्या फळीवरचा पितळी डबा काढला,
झाकण उघडून आत बघितलं, भाव पाडला,
मग मला ओळखलं.
"सर, चेंडू सोडताना तुमचं मनगट उजवीकडे झुकायचं.
वीतभर. दर वेळी.
उजवीकडे असले की मी थांबायचे,
डावीकडे असले की आधी उडायचे."
हसली, आणि डबा काखेत मारून गेली.

चाळीस वर्षं.
पागनीसच्या उड्या, हरबन्सच्या, अद्वयच्या मोजून पाच,
सगळ्या वीतभर कलत्या.
आणि लोक मला तिथे
पंच म्हणून मधल्या बाकावर बसवतात.

रात्री स्वयंपाकघरातला पंखा बंद केला
आणि एक मोसंबं सरळ वर फेकलं.
ते ओट्यावर पडलं, तिथून तेलाच्या बरणीवर.
बायको म्हणाली, काय चाललंय?
पुन्हा फेकलं.
म्हटलं, जरा इथे उभी राहा.
नाही, डावीकडे.