उजवं मागचं दार

मागचं दार हवंय, उजवं.
एवढंच बोललात तर एलियावा बाजार नुसता हसतो.
आधी साल विचारतो, मग रंगाचा नंबर,
मग काचेला पडदा होता का,
खालच्या पट्टीला छिद्रं किती,
आणि शेवटी, पेल्यात चहा ओतता ओतता:
लांब की आखूड?

आखूड, मी म्हणतो, आणि माझंच मला लागतं.
दोन टनांची बाई, आत अक्रोडाचं लाकूड,
तिला आजवर कुणी आखूड म्हणालं नव्हतं.
पण कारखान्यानं तेव्हा दोन बहिणी काढल्या,
धाकटी पाच बोटांनी कमी,
आणि ती पाचही बोटं कापली ती मागच्याच दारातून.

तेलावीच्या रस्त्यावर द्राक्षांची ट्रॉली वळली होती.
माणसाला खरचटलंसुद्धा नाही.
दाराच्या फटीत मात्र रस मुरला
आणि आठवडाभर गांधीलमाश्या येत राहिल्या,
समाचाराला आल्यासारख्या.

नुगझारनं हातोडी उचलली, परत ठेवली.
"पत्रा एकदा दुमडला की सपाट होईल,
सरळ व्हायचा नाही."

मग पाच महिने. अकरा दारं.
एक लांब निघालं, आणखी एक लांब,
एक जपानहून आलेलं, त्याच्या बटणांची भाषाच उलटी.
एक इतकं देखणं की मी पैसे मोजायला घेतले.
खिशात लामाराच्या फ्रिजवरचं लोहचुंबक होतं,
डाळिंबाच्या आकाराचं. टेकवलं,
तर ते घरंगळत चिखलात.
आत नुसती लांबी भरलेली, वर रंग.
विकणारा म्हणाला, डाळिंब खराब आहे.

झेस्टाफोनीला त्सिउरीच्या अंगणात
अक्रोडाखाली उभी होती ती.
तोच जांभळट करडा रंग. आखूड.
उजवी बाजू धुतल्या तांदळासारखी.
मी वळसा घालून डावीकडे गेलो
आणि टोपी काढली.
डावी बाजू नव्हतीच. विजेचा खांब होता तिच्या आकाराचा.

"डावं दार विकतोस?" त्सिउरीनं विचारलं.
मी म्हणालो, मी तर उजवं घ्यायला आलोय.
"तुझी चालते का?"
चालते.
"माझीही चालेल. डावं मिळू दे."

दोन तास आम्ही एकमेकांच्या गाडीकडे
खाटकासारखं पाहत होतो.
ती माझ्या बॉनेटवर हात फिरवी,
मी तिच्या खिडकीच्या रबराला नख लावून बघे.
चाचा झाला, पनीर झालं,
टेप आणून मोजमाप झालं, दोनदा,
कारण पहिल्यांदा दोघांनाही खरं वाटेना.
डाळिंब चिकटलं. ओढून काढावं लागलं.

शेवटी ती उठली, घरातून पाना घेऊन आली.
"माझ्या मुलाला हिचं काही नाही, म्हणतो भंगारात दे.
दार ने. पण तुझी आधी गेली
तर डावी बाजू माझी, अख्खी.
पंख्यापासून दिव्यापर्यंत."
विजेच्या बिलामागे लिहिलं. दोघांनी सही केली.
बिल भरलेलं नव्हतं.

दार बसलं. एका ठोक्यात,
नुगझारनं बिजागरीला शिवीसुद्धा दिली नाही.
रंगाचा नंबर तोच, पण रंग तो नाही:
माझी गॅरेजमध्ये निजलेली,
तिची वीस उन्हाळे अंगणात.
फवारा मारू का, त्यानं विचारलं.
राहू दे म्हणालो. का, ते मला सांगता आलं नाही.
लामारा म्हणते कंजूसपणा.
असेलही.

दर नव्या वर्षाला फोन येतो.
तब्येत नाही, पोरंबाळं नाही, पहिला प्रश्न एकच:
"चालते अजून?"
चालते, मी म्हणतो.
"ऐकून वाईट वाटलं," त्सिउरी म्हणते,
आणि पलीकडे अंगणात कुणीतरी
एक दार उघडून पुन्हा लावतं.
डावीकडचं नसणार.