चोपन्न वेढे

केजच्या बसस्टँडमागं, पत्र्याच्या शेडात
उत्तरेश्वर पांचाळ मोटरी भरतात.
भरणं म्हणजे तार गुंडाळणं; हा एक शब्द कळायलाच
माझा पहिला दिवस गेला.

आज समोर युसूफवडगावच्या गिरणीची मोटर आहे,
साडेसात हॉर्सपॉवरची. वरून पीठ बसून पांढरी,
आत कोळसा.
गिरणीवाला म्हणतो, आपोआप जळली हो, चालू चालू.
मी वहीत लिहितो: आपोआप जळली.

मिस्त्री काही म्हणत नाहीत.
बॅटरी पेटवून आत बघतात, मग वास घेतात
जळक्या वार्निशचा, दोनदा,
आईनं तान्ह्याची टाळू हुंगावी तसा.
असं मी लिहिलं होतं. खोडतो.
त्यांनी वास घेतला.

"हिकडं या. दोन फेजच्या कॉइली काळ्या,
तिसरीच्या बघा, अजून मधाच्या रंगाच्या.
एक फेज नव्हतीच. तरी पठ्ठ्यानं ओढायला लावली,
दळण थांबू नये म्हणून."
गिरणीवाला स्वतःच्या चपलांकडं बघतो.
मी आधीची ओळ पुसत नाही,
तिच्यापुढं लिहितो: असं तो म्हणाला.

छिन्नीनं जुनी तार कापून निघते.
एक कॉइल मात्र ते सबंध जपतात,
तिचे वेढे नखानं एकेक सोडवत मोजतात.
चोपन्न.
परत मोजतात. चोपन्न.
मग जळकी तार तराजूत,
मग सिगारेटच्या पाकिटामागं पेन्सिलीनं एक चित्र:
कुठली कॉइल कुठल्या खाचेत शिरते, कुठून निघते.
"सातवीत गणितानंच घरी बसवलं मला," ते सांगतात.
यावर एक झकास परिच्छेद होईल, असं मला वाटतं,
आणि तसं वाटल्याची लाज वाटते,
जरा उशिरा.

तार भरताना त्यांचे ओठ हलतात.
एकदा मी मधेच विचारलं, मुलं किती तुम्हाला?
हात थांबला.
"तेवीस झाले होते का चोवीस? सांगता का तुम्ही?"
मला सांगता आलं नाही.
सगळे वेढे उलगडले. पुन्हा एकपासून.
तेव्हापासून मी आकडा संपायची वाट बघतो.

महिन्यानं लिहिलेलं घेऊन गेलो, वाचून दाखवलं.
ते खाचांत कागद घालत होते, वरून बांबूच्या पट्ट्या ठोकत होते,
ऐकतायत की नाही कळेना.
शेवटची पट्टी बसली, तेव्हा म्हणाले,
"चिमणी कव्हा आली होती?"
कुठली चिमणी?
"तुम्हीच बसवलीय की आढ्याला. चोचीत तार धरून."
ती, मी म्हणालो, वातावरणासाठी.
"चैतात या पत्र्याखाली माणूस टिकंना, चिमणी कुठली?
आणि पन्नासेक न्हाई, चोपन्न.
दोन वेढे हिकडंतिकडं झाले की मोटर तापती.
लगेच न्हाई तापत. सा महिन्यानं.
तवर आपण पैसे घेऊन मोकळे."

थोडं थांबून, हात पुढं करून:
"अन् हे बोट मशीनमधी गेलेलं न्हाई.
उसाच्या चरकात गेलं, आठ वर्षांचा होतो.
तुम्ही इचारलंच न्हाई."

मी तिथंच पोत्यावर बसून चिमणी काढली.
ती गेल्यावर पानात एक भोक पडलं,
त्यात काय घालावं सुचेना.
बघत बसलो,
तर डोक्यावर सिरीजचा दिवा लोंबत होता,
शंभरचा, काजळलेला,
तारेच्या दोन टोकांना लावला की
आत वाट आहे की तुटली, एवढंच सांगणारा.
महिनाभर तिथंच होता.

लिहिलं: होल्डरला काळ्या टेपचे सात पदर.
उठलो, स्टुलावर चढून मोजले.
पाच.